जुनी लष्करी रायफल : अस्सलपणा आणि मोल

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील कितीतरी गावांना लष्करी सेवेची दीर्घ परंपरा आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियापर्यंत आणि दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका, इटली व ब्रह्मदेशापर्यंत या गावांचे जवान गेले. त्यांच्या स्मृती स्तंभांच्या, पदकांच्या आणि जीर्ण झालेल्या सेवापुस्तिकांच्या रूपाने गावोगावी जपलेल्या आढळतात. क्वचित प्रसंगी एखादी जुनी रायफलही पुढे येते. वाड्याचे माळवद उतरवताना ती सापडते, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कोठडीत वर्षानुवर्षे पडून असते, अथवा निकामी केलेल्या स्थितीत एखाद्या संस्थेच्या काचेच्या कपाटात मांडलेली दिसते. ती पाहणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो. ही खरी आहे काय, आणि हिची किंमत किती?

काही वर्षांपूर्वी एका गावच्या स्मारक-दालनात अशीच एक रायफल पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. नळीत पोलादी कांब झाळून ती रीतसर निकामी करण्यात आली होती आणि त्याबाबतच्या परवानगीचा कागदही शेजारी चौकटीत लावलेला होता. कपाटावरील फलकावर 'पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर वापरलेली रायफल' असे लिहिले होते. परंतु दस्त्याच्या मानेजवळील पोलादी पट्ट्यावर मुकुटाखाली 'जी. आर. आय.', त्याखाली 'इशापूर' आणि त्याखाली '१९४२' ही अक्षरे स्वच्छ उमटलेली होती. मेसोपोटेमियातील युद्ध १९१८ साली संपले. सरपंचांना ते वर्ष दाखविले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, मग इतकी वर्षे आम्ही मुलांना खोटेच सांगत आलो का?" असे त्यांनी विचारले. त्यांचे आजोबा त्या आघाडीवर होते, हे कागदपत्रांनी सिद्ध होते. आजोबा तेथे होते हे खरे. ही रायफल तेथे नव्हती, एवढेच. तिची स्वतःची हकीकत निराळी आहे आणि तीही ऐकण्याजोगी आहे, असे त्यांना सांगितले. ती हकीकत कशी वाचावयाची, याचे विवेचन पुढे केले आहे.

प्रथम कायद्याचा विचार

पारखण्याची उत्सुकता कितीही असली तरी सापडलेल्या बंदुकीस प्रथम हात लावू नये. शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकीतही भरलेले काडतूस असू शकते. पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी आणि जाणकाराने ती रिकामी असल्याची खात्री केल्यावरच पुढे पाहावे. चालवून पाहण्याचा मोह तर कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये. त्याचे कारण पुढे येईलच.

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याविना बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने ती अनावश्यक विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असते. सैन्याच्या मापाची .३०३ रायफल तर सर्वसाधारण नागरिकास परवान्यावर मिळतच नाही. म्हणूनच आपल्या शस्त्रनिर्माणींनी नागरिकांसाठी .३१५ मापाची रायफल बनविली. तिची बोल्टची रचना लष्करी रायफलीचीच असल्यामुळे अनेक जण तिला थ्री-नॉट-थ्री समजतात. जुनी व निकामी शस्त्रे अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे वगळली जाऊ शकतात. परंतु दुरुस्ती करूनही ती बंदूक म्हणून वापरता येता कामा नये, अशी ही कसोटी आहे. गंजलेला बोल्ट हलत नाही म्हणून बंदूक निकामी झाली, असा निवाडा घरमालकाने अथवा ग्रामपंचायतीने स्वतः करावयाचा नसतो. शंभर वर्षांची मर्यादा ओलांडलेली आणि ऐतिहासिक महत्त्व असलेली बंदूक पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ च्या कक्षेतही येऊ शकते. तसे झाल्यास खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही.

थ्री-नॉट-थ्रीची कुळकथा

आपल्याकडे जुनी लष्करी रायफल म्हटली की बहुधा ती ली-एन्फिल्डच असते. हे जोडनाव आहे. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या संशोधकाने तिचा बोल्ट व मॅगझिन यांची रचना केली. लंडनच्या उत्तरेकडील एन्फिल्ड येथील सरकारी कारखान्याने नळीतील पिळदार खाचांची रचना निश्चित केली. तत्पूर्वीची १८८८ सालची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठी होती. तिच्या उथळ खाचा नव्या कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने झपाट्याने झिजू लागल्या. त्यामुळे १८९५ मध्ये पाच खोल खाचांची एन्फिल्ड नळी स्वीकारण्यात आली. १९०३ च्या सुमारास पायदळ व घोडदळ या दोहोंसाठी एकच आखूड रायफल ठरविण्यात आली आणि १९०७ मध्ये तिचा 'मार्क तीन' हा सर्वपरिचित प्रकार आला. नळीची लांबी २५.२ इंच, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे आणि माप .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. मापावरूनच तिला थ्री-नॉट-थ्री हे नाव पडले.

कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीकाठी इशापूर येथे पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. त्याच जागी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रायफल कारखाना उभा राहिला आणि हीच रायफल भारतात बनू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड, कॅनडा व अमेरिका येथे 'नंबर चार' ही सुधारित रायफल तयार होत होती. इशापूरने मात्र जुन्या मार्क तीनचीच सुटसुटीत आवृत्ती चालू ठेवली. स्वातंत्र्यानंतरही तिची सेवा संपली नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर इशापूरने तिचाच साचा घेऊन अधिक मजबूत पोलादाची ७.६२ मिलिमीटर मापाची 'टू-ए' रायफल बनविली. तिचे चौकोनी, बारा काडतुसांचे मॅगझिन पाहिले की ती लगेच ओळखू येते. अन्यथा बाह्यरूप इतके जुने की १९६५ ची रायफल १९१५ ची म्हणून सहज खपून जाते. पोलीस दलांत तर थ्री-नॉट-थ्री एकविसाव्या शतकातही होती. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांना तोंड देणाऱ्या काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी तिला समारंभपूर्वक निरोप दिला.

पोलादावरील लेख

शिलालेख वाचणारा संशोधक ज्या क्रमाने जातो, त्याच क्रमाने रायफलीकडे पाहावे. प्रथम जन्मपत्रिका. मार्क तीन रायफलीवर दस्त्याच्या मानेशी असलेल्या पट्ट्याच्या उजव्या बाजूस राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार असा मजकूर ठोकलेला असतो. एन्फिल्ड, बी. एस. ए. (म्हणजे बर्मिंगहॅमची कंपनी), ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि आपले इशापूर ही नावे आपल्याकडे विशेष आढळतात. प्रकारापुढे तारका असेल तर ती १९१६ पासूनची युद्धकालीन सुलभ आवृत्ती होय. लांब पल्ल्याच्या सामुदायिक माऱ्यासाठी बाजूस बसविलेले जादा नेमयंत्र आणि मॅगझिन तात्पुरते बंद करण्याची पट्टी ही दोन अंगे तीत गाळलेली आहेत. तारका असलेल्या रायफलीवर ही अंगे दिसली, तर ती मागाहून कोणीतरी लावली असावीत असा संशय घेण्यास जागा आहे.

राजाची आद्याक्षरे ही फार उपयुक्त खूण आहे. व्हिक्टोरिया राणीचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले. तेथपर्यंत 'व्ही. आर.', १९१० पर्यंत सातव्या एडवर्डचे 'ई. आर.' आणि पुढे पाचव्या व सहाव्या जॉर्जचे 'जी. आर.'. इशापूरच्या मालावर हिंदुस्थानच्या सम्राटपदाचे 'आय' हे अक्षर अधिक असते. प्रजासत्ताकानंतर मुकुट जाऊन त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले व त्याखाली 'आर. एफ. आय.' ही अक्षरे आली. राजकीय इतिहासाचा एवढा मोठा पालट बोटभर पोलादावर उमटलेला आहे. इतिहासाच्या शिक्षकांना यातून एक चांगला पाठ घेता येईल.

दुसरी पायरी अनुक्रमांकांची. नवी रायफल कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या मुख्य भागांवर एकच क्रमांक घातला जात असे. नळी जेथे शरीरास मिळते ती जागा, बोल्टच्या मुठीची मागची बाजू, मागील नेमपट्टीचा खालचा भाग, पुढील टोपण आणि पुढच्या लाकडाचा खालचा भाग येथे तो शोधावा. सर्वत्र तोच क्रमांक असेल तर अस्सलपणाची ती भक्कम साक्ष होय. बोल्टचा क्रमांक जुळणे सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीस बारकाईने बसविलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातल्यास काडतुसाच्या बुडाशी नको तितकी फट राहते, आणि बार उडताच काडतूस फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्यावर येण्याचा धोका असतो. जुनी बंदूक चालवून पाहू नये असे वर म्हटले, त्याचे हे एक कारण.

तथापि क्रमांक जुळत नाही म्हणजे फसवणूक आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. लष्करास प्राचीन वस्तू जपावयाची नव्हती. त्यास चालती बंदूक हवी होती. नळी झिजली की बदलली, लाकूड फुटले की दुसरे बसविले. अशा वेळी पलटणीचा शस्त्रकारागीर जुन्या क्रमांकावर आडवी रेघ मारून शेजारी नवा क्रमांक ठोकीत असे. ही प्रामाणिक दुरुस्ती आहे आणि ती रायफलीच्या चरित्राचा भाग आहे. उलट जुना क्रमांक कानशीने घासून नाहीसा केला असेल, त्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट लागत असेल आणि नव्या आकड्यांच्या कडा ताज्या असतील, तर तेथे काही लपविण्याचा हेतू संभवतो. विजेच्या लेखणीने कोरलेले आकडे पाहूनही एकदम बिचकू नये. इंग्लंडच्या फझाकर्ली कारखान्यात संपूर्ण दुरुस्तीस गेलेल्या नंबर चार रायफलींवर तसे आकडे असतात आणि ते अस्सल आहेत. दुसऱ्या महायुद्धातील काही नळ्यांत पाचाऐवजी दोनच खाचा आढळतात. तीही युद्धकालीन घाई आहे, खोट नव्हे.

याखेरीज लहानसहान चिन्हे पुष्कळ. रुंद बाण ही सरकारी मालकीची खूण. बाणाखाली 'आय' असेल तर ती हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकास टोक लावून ठोकलेले असतील तर ती रायफल सरकारी सेवेतून रीतसर विकली गेली. 'डी. पी.' म्हणजे केवळ कवायतीसाठी. अशी रायफल चालविण्यास असुरक्षित ठरविलेली असते. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला मळसूत्री खिळा ही इशापूरची खास खूण, कारण लाकूड चिरू नये म्हणून तो तेथे घालीत. पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असेल तर ती मोडकी बंदूक कोणीतरी बांधलेली नसून हातगोळे दूर फेकण्यासाठी मजबूत केलेली रायफल आहे. असली तार 'घाण दिसते' म्हणून सोडून टाकल्याची उदाहरणे ऐकिवात आहेत!

गुळगुळीत नळीचा इतिहास

नळीत खाचाच नाहीत, अशी रायफल कधी कधी मिळते. पाहणारा तिला झिजलेली अथवा बनावट ठरवून मोकळा होतो. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

१८५७ च्या उठावास निमित्त झालेली काडतुसे १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची होती, हे सर्वश्रुत आहे. उठाव मोडल्यानंतर सरकारने हिंदी शिपायांसाठी वरून त्याच रायफलीसारखी दिसणारी, पण गुळगुळीत व रुंद नळीची बंदूक काढली. खाचांमुळे गोळीस फिरकी मिळते आणि ती लांबवर अचूक जाते. तो लाभ हिंदी शिपायाच्या हाती पडू नये, अशी ही योजना होती. पुढेही बरीच वर्षे हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची शस्त्रे देण्यात येत. म्हणून अशा बंदुकीची गुळगुळीत नळी ही तिची उणीव नाही. एका सत्तेचा आपल्याच शिपायांवरील अविश्वास त्या नळीत उतरला आहे.

थ्री-नॉट-थ्रीच्या बाबतीतही असेच घडले. पोलिसांसाठी काही रायफलींच्या नळ्यांतील खाचा काढून त्यांस .४१० मापाच्या साध्या बंदुकी बनविण्यात आले. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसविला, म्हणजे एका वेळी एकच बार काढता येई. बाहेरून पाहणारास ती लष्करी रायफलच वाटते. सरकारी कारखान्याने केलेला हा बदल असल्यामुळे अशी बंदूक आपल्या प्रकारातील अस्सल वस्तूच मानली पाहिजे. तिला पुन्हा मॅगझिन बसवून 'रायफल' करणाऱ्याने मात्र तिचे अस्सलपण घालविले.

हुबेहूब नकलांचा बाजार

पेशावर व कोहाट यांच्या दरम्यान दर्रा आदमखेल नावाचे गाव आहे. तेथील आफ्रिदी कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी बंदुकांच्या नकला हाताने बनवीत आले. प्रथम एकबारी मार्टिनी-हेन्री, नंतर ली-एन्फिल्ड. साधी हत्यारे हाती असताना केलेले हे काम थक्क करणारे आहे, यात शंका नाही. शिक्केही ते जसेच्या तसे उठवीत. पण अक्षरओळख नसल्यामुळे तेथेच ते सापडत. इंग्रजी 'एन' उलटा पडलेला असतो, एन्फिल्डचे स्पेलिंग चुकलेले असते, मुकुट ओबडधोबड असतो. सर्वांत मोठा पुरावा तारखेचा. मुकुटाखाली 'व्ही. आर.' आणि वर्ष १९१९! राणी जाऊन अठरा वर्षे झालेली. आखूड ली-एन्फिल्डचा तर जन्मच राणीच्या मृत्यूनंतरचा असल्यामुळे तिच्यावर 'व्ही. आर.' ही अक्षरे असूच शकत नाहीत. इतकी साधी गोष्ट ठाऊक नसल्याने अफगाणिस्तानात गेलेल्या अनेक परदेशी सैनिकांनी अशा बंदुका जुन्या इंग्रजी म्हणून विकत घेतल्या. या नकलांचे पोलाद मऊ व बेभरवशाचे असते. त्यांना लोककारागिरीचा नमुना म्हणून संग्रहालयात जागा आहे. लष्करी रायफल म्हणून नाही.

पाश्चात्त्य देशांतील फसवणूक अधिक सुबक असते. ज्या प्रकारांना संग्राहक जास्त पैसे देतात, त्यांचीच सोंगे निघतात. दुर्बीण बसविलेली नंबर चार रायफल हे त्याचे ठळक उदाहरण. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी निवडक रायफलींवर हे काम केले. त्यांच्या शरीरावर 'टी' हे अक्षर, दस्त्याच्या खालच्या अंगास 'एस ५१' ही खूण आणि दस्त्याच्या मानेवर त्या दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो. दुर्बिणीच्या बैठकीवर उलट रायफलीचा क्रमांक असतो. म्हणजे दोघी एकमेकींची साक्ष देतात. साध्या रायफलीवर बैठक चढवून सोंग उभे करणाऱ्यास या सर्व खुणा एकाच वेळी व एकाच जुनेपणाने जमविणे कठीण जाते. जंगल-युद्धासाठी १९४४ पासून निघालेल्या आखूड 'नंबर पाच' रायफलीचीही अशीच सोंगे निघतात. खऱ्या रायफलीत वजन घटविण्यासाठी शरीराच्या व नळीच्या धातूतही खाचे कोरलेले असतात. नंबर चारची नळी नुसती कापून ते साधत नाही.

'मोल' म्हणजे काय?

किमतीच्या प्रश्नाचे उत्तर येथे रुपयांत मिळणार नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. .३०३ रायफलीचा खुला बाजार आपल्या देशात नाही. परदेशी लिलावांतील आकडे ऐकून येथील कोणी हुरळून जाऊ नये आणि ते आकडे सांगणाऱ्या मध्यस्थास दाराशी उभे करू नये. परदेशांतही भाव स्थिर नसतात. २००३ साली नेपाळच्या सैन्याने काठमांडू येथील लगन सिलेखान्यातील जुनी शस्त्रे परदेशी व्यापाऱ्यांस विकली. त्यांत हजारो एन्फिल्ड व मार्टिनी बंदुका होत्या. तोपर्यंत दुर्मीळ समजले जाणारे काही प्रकार त्यानंतर ढिगाने उपलब्ध झाले. दुर्मीळतेवर उभे असलेले मोल असे एका व्यवहारात कोसळू शकते.

मार्क तीन तारका ही लक्षावधी संख्येने निघालेली रायफल असल्यामुळे दुर्मीळता तिच्या वाट्यास क्वचितच येते. तिचे मोल पूर्णतेत, अस्पर्शित स्थितीत आणि ज्ञात इतिहासात असते. पूर्णता म्हणजे मूळ लाकूड, मूळ नेमयंत्र, मूळ मॅगझिन. संगीन व तिचे म्यान असल्यास उत्तमच. शिकारीसाठी पुढचे लाकूड व नळी कापून हलकी केलेली रायफल हे मोल गमावून बसते. महायुद्धानंतर अमेरिकेत अशा हजारो रायफली कापल्या गेल्या, आणि आता त्यांवर नवे लाकूड चढवून त्या पुन्हा 'लष्करी' करण्यात येतात. फीत घेऊन नळी मोजावी, २५.२ इंच भरली नाही तर प्रश्न तेथेच मिटतो.

नळीच्या आतील खड्ड्यांचे मात्र फारसे दुःख करू नये. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील रसायनांमुळे नळीत क्षार उरत आणि त्यांस ओलावा मिळाला की गंज धरे. म्हणून गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची सैनिकांस शिस्त होती. खड्डे पडलेली नळी ही वापरलेल्या रायफलीची नळी आहे, इतकाच त्याचा अर्थ.

खरी हानी होते ती बाहेरून. अस्सल रायफलीचे अक्रोडी लाकूड धातूच्या कडेपेक्षा केसभर उंच राहिलेले असते आणि त्यावर तपासनिसांचे बारीक ठसे असतात. पॉलिश कागदाने एकदा घासले की लाकूड धातूच्या खाली जाते, कडा गोल होतात, ठसे पुसतात. वर व्हार्निशचा चकाकता हात दिला की पुढील पन्नास वर्षे ते लाकूड काहीच बोलत नाही. धातूवरील काळसर निळी झाक काढून तो चांदीसारखा चमकविणे हाही असाच प्रकार. जुनाट दिसणे हा रायफलीचा दोष नव्हे, हे आपल्याकडे पटविणे अवघड जाते. कारण स्वच्छता आणि आदर यांची सांगड आपल्या मनात पक्की बसलेली आहे. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढावी, धातूस अगदी पातळ तेलाचा हात द्यावा, लाकडास जवसाचे तेल बेताने चोळावे. यापलीकडचे काम संग्रहालयातील तज्ज्ञांस विचारल्यावाचून करू नये.

इतिहासाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रायफल ही सरकारी मालमत्ता होती आणि ती हरविणे हा सैनिकाचा गंभीर अपराध समजला जाई. कुतचेच पाहा. डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण आली, तेव्हा तिचे जवान कैदेत गेले; शस्त्रे खांद्यावर घेऊन ते घरी परतले नाहीत. म्हणून 'आजोबांनी युद्धातून आणलेली रायफल' या कथेस कागदाचा आधार शोधावा. तो सेवापुस्तिकेत, संस्थानी दप्तरात अथवा जुन्या परवान्यात मिळाला आणि त्यातील क्रमांक रायफलीवरील क्रमांकाशी जुळला, तर अत्यंत सामान्य रायफलही अमूल्य होते. कागद नसल्यास 'अशी आख्यायिका आहे' एवढेच फलकावर लिहावे. पितळी चकतीवरील पलटणीच्या नावावर सर्वस्वी विसंबू नये. चकती एका स्क्रूवर असते आणि ती दुसऱ्या दस्त्यावर लावण्यास दोन मिनिटे पुरतात.

मुद्देमाल कोठडीतील शस्त्रांबाबत अधिकाऱ्यांनी थोडी दक्षता घेणे इष्ट ठरेल. जप्त अथवा जमा झालेली शस्त्रे योग्य आदेशानंतर नष्ट करण्यात येतात आणि ते आवश्यकही आहे. परंतु तत्पूर्वी शिक्के, वर्ष व क्रमांक यांची नोंद आणि दोन-चार छायाचित्रे घेण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. एखादे शस्त्र असामान्य वाटल्यास पुरातत्त्व विभागाचे अथवा शासकीय संग्रहालयाचे मत मागविता येते. शिक्का पुसट असेल तर खडूची पूड बोटाने हलकेच चोळावी, किंवा पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवावी. दुपारच्या उन्हापेक्षा सकाळच्या तिरप्या उजेडात अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात.

त्या गावच्या दालनातील रायफलीचे पेन्सिल-ठसे पहिल्याच भेटीत घेऊन त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लावली होती. बोल्टचा क्रमांक शरीराशी जुळत नव्हता. पुढच्या लाकडावर जुन्या क्रमांकावर रेघ मारून शरीराचा क्रमांक ठोकलेला होता आणि इशापूरचा आडवा खिळा जागेवर होता. चार वर्षांनी पुन्हा तेथे जाणे झाले. दरम्यान एका राष्ट्रीय सणाच्या निमित्ताने उत्साही मंडळींनी ती रायफल यंत्रावर घासून घेतली होती. धातू आरशासारखा चमकत होता, लाकूड लालसर व्हार्निशने झळकत होते आणि मानेजवळच्या पट्ट्यावर मुकुटाची अर्धी कड तेवढी शिल्लक होती. वर्ष गेले, कारखान्याचे नाव गेले, खोडलेला क्रमांकही गेला. सरपंचांनी नोंदवही मागवून पेन्सिल-ठशांचा कागद काढला. त्यावरून नवा फलक लिहिण्यात आला. त्यावर 'इशापूर येथे १९४२ साली तयार झालेली रायफल' ही पहिली ओळ असून तिच्याखाली दोन्ही महायुद्धांत गेलेल्या गावच्या जवानांची नावे आहेत. पेन्सिल-ठशांचा तो कागदही आता काचेमागे रायफलीच्या शेजारी लावलेला आहे.